नांदेडचा आवाज

माणूस ओळखावा तो आवाजावरून. चेहरा फसवतो, कपडे फसवतात, हुद्दा तर फसवण्यासाठीच दिलेला असतो. आवाज तेवढा खोटं बोलत नाही, असं रामकिशन सरवदेचं अनुभवाअंती बनलेलं मत होतं. या अनुभवात एकूण दोन आवाज होते. एक त्याचा स्वतःचा, दुसरा नांदेडच्या जी. एस. मठपतींचा, आणि दोन्ही त्यानं एकाच टेपरेकॉर्डरवर ऐकलेले होते.

त्या शनिवारी ऑफिसातून आल्यावर त्यानं पार्सलची शिवण उसवली, कॅसेट टेपात घातली आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसला. ऐकताना समोर काही दिसू नये, असा त्याचा रिवाज होता. लातुरात त्या उन्हाळ्यात दिसण्यासारखं तसंही काही नव्हतं. "नांदेड," आवाज म्हणाला, नेहमीसारखा, जाड आणि संथ, जुन्या रांजणात तोंड घालून कुणीतरी बोलावं तसा. मग तारीख सांगितली. यानंतर आवाजानं थांबायचं आणि ध्वनी सुरू व्हायचा, हा मंडळाचा नियम होता आणि तो मठपतींनी कधी मोडला नव्हता. या खेपेला आवाज थांबला नाही. "बाळा, तुझ्या घरी मोठं कोण आहे? त्यांना घेऊन एकदा नांदेडला ये." मग खट्ट, आणि ते ओळखीचं यंत्र सुरू झालं, धाप लागल्यासारखं, अडखळत, प्रत्येक ठोक्याला आता पुढचा येतो की नाही अशी धास्ती घालत. रामकिशननं टेप बंद केला. कोपऱ्यातल्या पिंपावरचं झाकण उगीच उचलून पाणी किती उरलंय ते बघितलं. त्याला बाळ म्हणायला आता जगात कुणी उरलेलं नव्हतं. आई त्याला रामक्या म्हणायची, आणि बाप काहीच म्हणायचा नाही, नुसता खाकरायचा. चाळिशी उलटलेल्या, कानावरच तेवढे केस शिल्लक असलेल्या, टंचाईच्या टेबलावर बसून टँकरची विवरणपत्रं जुळवणाऱ्या वरिष्ठ लिपिकाला बाळा म्हणणारा माणूस एक तर वेडा असला पाहिजे किंवा फार मोठा. रामकिशननं वेडेपणाची शक्यता लवकर सोडून दिली.

मंडळ निघालं त्याला काही वर्षं झाली होती. औरंगाबादच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गृहस्थांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं, की तिकडं लोक घरच्या घरी विचित्र आवाज टेप करून एकमेकांना पोस्टानं पाठवतात, आणि त्यालाच संगीत म्हणतात. आपणही म्हणायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक काढलं: गाणं नको, वाद्य नको, आवाज कशाचा आहे हे सांगायचं नाही, सोबत चिठ्ठी पाठवायची नाही. एका बाजूला आपला आवाज भरायचा, समोरच्यानं दुसऱ्या बाजूला आपला भरून परत करायचा. मराठवाड्यातले चार-सहा एकटे पुरुष या पत्रकाला भुलले. त्यातल्या परभणीच्या एकानं पहिल्याच खेपेला पोराच्या बारशाचा गोंधळ भरून पाठवला, दुसऱ्यानं बासरी वाजवली आणि त्याला काढून टाकावं लागलं. मग खुद्द संस्थापकांनी लोकांना आवडीची सिनेगीतं भरून देण्याचं दुकान टाकलं, आणि चळवळ संपली. म्हणजे रामकिशन आणि मठपती उरले. चळवळ संपल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं, कारण चिठ्ठी पाठवायची नाही असा नियम होता.

टेप त्यानं उदगीरच्या एका दुबईहून परत आलेल्या माणसाकडून जुना घेतला, तेव्हाच एक तत्त्व करून टाकलं होतं, की या यंत्रात विकतची कॅसेट जाणार नाही. बाजारातलं संगीत त्याला चालत नव्हतं असं नाही; पण तत्त्व असलं की माणूस जरा उंच वाटतो. धुरपताबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते एकदाच मोडलं. चौदा एप्रिलला शेजारून भीमगीतांची कॅसेट आणून तिनं लावली, भाकरी थापता थापता ऐकली आणि म्हणाली, "ह्या गाणाऱ्याला पडसं झालंय का वो?" रामकिशननं कॅसेट काढून तिच्या हातात दिली. म्हणाला, "गाणाऱ्याचं नाव खराब करू नकोस. भरणाऱ्यानं नीट भरलं नसेल." पुढं पाण्याचे हाल वाढले, नळ आठवड्यानं यायला लागला, तेव्हा ती पोरीला घेऊन मुरुडला भावाकडे गेली. तिथं शेतात बोअरला थोडं पाणी होतं. जाताना म्हणाली, "तुमचं काय, तुम्हाला टेप हाय." यात टोमणा होता की काळजी, हे त्याला अजून ठरवता आलेलं नव्हतं. खोलीत आता तो, पिंप आणि टेप असे तिघं राहत होते, आणि पिंप बहुधा रिकामं असायचं.

जिल्हा नवा होता. चार वर्षं झाली तरी नवाच म्हणायचे, जसं नव्या नवरीला पोर होईपर्यंत नवी म्हणतात. कपाटांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं लिहिलेलं होतं, आणि नीट बघितलं तर खालचं दिसायचं. जिल्ह्याला सगळं नवं मिळालं आणि लगोलग दुष्काळही मिळाला. टँकरच्या मागणीची खातरजमा करायला रामकिशन जीपमधून गावोगाव जायचा, आणि झोळीत टेप असायचा. कोरड्या पडलेल्या बोअरच्या पाइपात लांब वायरीला बांधलेला माइक सोडायचा. आत वारा फिरायचा, आणि जमिनीच्या पोटातून एक घुमारा यायचा, लांबलचक, विव्हळणारा नव्हे, विव्हळून थकलेला. तो खोलीत येऊन ऐकला की आणखी खोल वाटायचा, आणि रामकिशनला वाटायचं, हे जर कुणी ऐकलं तर त्याला विवरणपत्राची गरज पडणार नाही. जीपचा ड्रायव्हर मारोती बॉनेटला टेकून तंबाखू मळायचा. "साहेब, वायर पुरंना झाली तर सांगा, जीपचा दोर देतो. पाण्याला टेकलं की टेप पटकन वर घ्या मात्र, भिजंल." शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका वाडीत सरजाबाई नावाची म्हातारी घागर काखेत धरून शेजारी येऊन उभी राहिली होती. तिला वाटलं, सरकारनं पाणी बघायचं मशीन काढलं असणार. "काय म्हणतंय, साहेब?" तिनं विचारलं. रामकिशननं कानावरचा हेडफोन काढला. "काही म्हणत नाही, मावशी." "मग तसं लिव्हा की," म्हातारी म्हणाली. त्यानं तसं लिहिलं. प्रस्ताव वर गेला. घुमाऱ्याची ती कॅसेट मात्र त्यानं नांदेडला पाठवली, आणि त्याला आतून खात्री होती की दोन्ही टपालांपैकी पोचायला पाहिजे ते हेच आहे.

कारण तिकडं ऐकणारा तसा होता. मठपतींचं पार्सल नुसतं हातात घेतलं तरी माणसाची शिस्त कळायची. मांजरपाटाच्या पिशवीला इतकी बारीक, एकसारखी शिवण, की उसवताना लाज वाटावी. मंडळाच्या यादीत नाव जी. एस. एवढंच होतं, जसं त्याचं आर. जी. रामकिशननं जी म्हणजे गुरुपादप्पा ठरवलं आणि एस म्हणजे शरणप्पा. वय साठीच्या पुढचं, सडपातळ, कपाळाला विभूतीचे पट्टे; गोदावरीच्या बाजूला खोली, आयुष्य गिरणीत गेलेलं. कारण ते यंत्र दुसरं कशाचं असणार? बंद पडत चाललेल्या गिरणीचा शेवटचा माग, धापा टाकणारा, आणि त्याच्याशेजारी शेवटपर्यंत उभा राहिलेला हा एकटा म्हातारा. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो असलेल्या, बुवा-महाराज दिसला की रस्ता बदलणाऱ्या रामकिशनला असा पोस्टानं गुरू मिळाला होता. याची त्यालाही गंमत वाटायची, पण ती सांगायची कुणाला. हा एक माणूस आपल्याला ऐकतो, एवढ्या एका गोष्टीवर तो सकाळी उठून ऑफिसला जात होता. ती गोष्ट खोटी निघाली असती तर जायला काही अडचण नव्हती, उठायला होती.

घरी मोठं कोण आहे? हा प्रश्न त्यानं आठवडाभर डोक्यात घोळवला. आई-बाप नव्हते. बायको मोठी म्हणावी तर मुरुडला. की गुरूला म्हणायचंय, तुझ्या घरात मोठेपणा कशाला देऊन ठेवला आहेस, त्याला घेऊन ये? विवरणपत्रात टँकरच्या खेपा मांडता मांडता त्याला एकदम उलगडा झाला, आणि हातातला पेन थांबला. घरात मोठा टेप होता. बाकी सगळं त्यानं टेपाच्या हिशेबानं मांडलं होतं, खुर्ची, भिंत, बायकोचं जाणंसुद्धा. गुरूनं नेमकं तेच ओळखलं होतं. पुढच्या रविवारी त्यानं टेप पंच्यात गुंडाळला, त्या कॅसेटसकट झोळीत घातला आणि नांदेडची एसटी धरली.

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. रस्त्याच्या कडेनं कडब्याचे ट्रक उलट्या दिशेनं जात होते, आणि गाडीत एक बाई मांडीवरच्या पोराला सांगत होती, "नांदेडला नदी हाय, दावते तुला." रामकिशननं झोळी मांडीवर घट्ट धरली होती. काय बोलायचं याची जुळवाजुळव चालली होती आणि प्रत्येक वाक्य त्याला त्या जाड संथ आवाजापुढं पोरकट वाटत होतं. त्याच्याही आवाजाला टेपवर वजन आहे, असं त्याला वाटायचं. प्रत्यक्षात बोलताना ते कुठं जायचं कोण जाणे. नांदेडला उतरून चौफाळा भागात पत्ता विचारत तो एका गल्लीत शिरला. दारावर पाटी नव्हती. कडी वाजवली. चाळिशीची एक बाई बाहेर आली, गळ्यात मोजमापाची फीत, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून तिनं विचारलं, "कोण पाहिजे?" आवाज बारीक, चपळ, चिमणीनं पत्र्यावर उड्या माराव्यात तसा.

"मठपती सर आहेत का?" रामकिशन तिच्या खांद्यावरून आत बघत म्हणाला.

"सर कुठले? मीच मठपती. गौरम्मा. तुम्ही?"

"लातूरहून आलो. सरवदे."

तिचा चेहरा उजळला. "अवो, या की, या. पत्ता सापडला ना?" मग तिनं त्याच्या मागं बघितलं, आधी सरळ, मग गुडघ्याच्या उंचीवर, मग गल्लीत. "पोरगं कुठाय?"

"कुठलं पोरगं?"

"तुमचं. आर. जी. लाजला का? कुठं लपवलात?"

"आर. जी. मीच," रामकिशन म्हणाला.

काही वेळ दोघंही उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहून तिसऱ्या आणि चौथ्या माणसाची वाट बघत होते. ते आले नाहीत. तेव्हा तिनं त्याला आत बोलावलं, काठोकाठ भरलेला तांब्या दिला, आणि पाणी सांडलं तरी तिचं तिकडं लक्ष गेलं नाही, हे रामकिशनच्या ध्यानात राहिलं. आत एक शिलाई मशीन होतं, त्यावर शाळेच्या गणवेशांची चळत, आणि शेजारी टेप. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होती, मूळची देगलूरची, नवरा लग्नानंतर लवकरच गेला होता. हे तिनं सगळं एका दमात सांगितलं, जणू उसवायचं असलेलं शिवणकाम पटकन उसवून टाकावं. देवळीत बुंदीच्या लाडवांचा पुडा होता आणि एक नवी कंपासपेटी, वरचा कागदही न काढलेली. रामकिशननं तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "आता काय सांगू तुम्हाला. मला वाटलं, दहा-बारा वर्षांचं असेल. बोलायचं कसं, पाठांतर म्हणून दाखवल्यासारखं. मनात म्हटलं, एवढंसं लेकरू एकटंच खेळतं, घरात कुणाचं लक्ष दिसत नाही. एकदा मोठ्या माणसाला घेऊन यायला सांगावं."

"खेळतं?"

"मग? ऐका ना तुम्हीच." त्यानं सोबत आणलेली कॅसेट मागून घेऊन तिनं त्याची बाजू आपल्या टेपात लावली. "लातूर," एक पोरगं घाईघाईनं म्हणालं. मग कुणीतरी सोड्याच्या रिकाम्या बाटलीत फुंकर मारू लागलं. हू, हू, हू. मध्येच फुंकर चुकत होती, पुन्हा जमत होती. गौरम्माच्या चेहऱ्यावर नकळत हसू आलं, रोजच्या सवयीचं. "शाळेतून आलं की हे लावायची मी. आणि ते गोट्यांचं. गोट्या एकमेकींवर आपटतात ना, ते तर लई आवडायचं." गोट्यांचं म्हणजे टँकर आल्यावर एकमेकींवर आदळणाऱ्या घागरींचं, हे रामकिशनला थोड्या वेळानं कळलं. तो बाटलीतली फुंकर शेवटपर्यंत ऐकत राहिला. घुमारा कुठंच नव्हता. सरजाबाई तिथं उभी होती, काखेत घागर घेऊन, आणि तिच्या बोअरमधून एक खुशालचेंडू पोर पिपाणी वाजवत होतं. इतके दिवस तो कुणाला काहीतरी सांगत होता, आणि तिकडं एक बाई त्याला कंपासपेटी घेत होती. त्याला राग यायला पाहिजे होता. आला नाही. फक्त त्या पोराचा थोडा हेवा वाटला.

त्यानं झोळीतून आपला टेप काढला. पंचा सोडला, तिच्या टेपाशेजारी ठेवला, तीच कॅसेट त्यात घातली आणि आधी तिची बाजू लावली. "नांदेड," रांजणातून आवाज आला. "बाळा, तुझ्या घरी मोठं कोण आहे?" गौरम्मा तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिला स्टुलावर बसावं लागलं. "हा कोण बाप्या?" मग माग सुरू झाला. ठोका. धाप. ठोका. तिचं हसू हळूहळू उतरलं. तिनं आपल्या शिलाई मशीनकडं बघितलं, पुन्हा टेपाकडं.

"हे माझं मशीन?"

"मला गिरणी वाटली. बंद पडायला आलेली."

"मी परकर शिवत होते त्या दिवशी," ती म्हणाली. आणि बराच वेळ ऐकून: "असलं मी नाही केलेलं."

"मी तेच ऐकत होतो," रामकिशन म्हणाला.

मग त्यानं न विचारताच कॅसेट उलटी केली आणि बोअर लावलं. फीत गळ्यातच होती, तिचं टोक गौरम्मानं बोटाभोवती गुंडाळायला घेतलं आणि गुंडाळतच राहिली. घुमारा खोलीत भरला, गणवेशांच्या चळतीत शिरला, रिकाम्या तांब्यात थोडा वाजल्यासारखा झाला. तो थांबल्यावर बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि ती फार उथळ वाटली.

"हे असं होतं होय," गौरम्मा म्हणाली. "कुठलं आहे हे?"

नियमात सांगायचं नव्हतं. रामकिशननं सगळं सांगितलं, वाडी, पाइप, म्हातारी, घागर, ती काय म्हणाली तेसुद्धा. सांगताना त्याचा स्वतःचा आवाज त्याला ना जाड वाटला ना पोरकट. तो कसा आहे याकडं लक्षच गेलं नाही. असं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं.

"मग पाणी दिलं का तिला?"

"प्रस्ताव गेलाय वर."

"अन् इकडं मी हसत बसले होते," ती म्हणाली. त्याला वाटलं, तिला सांगावं की हसलात तेही बरंच झालं, पण ते शब्द जुळेपर्यंत ती चहाला उठली होती. चहा पिताना दोघांनी दोन्ही टेप पुन्हा लावून बघितले, तिच्याकडची विकतची कॅसेट घालूनही बघितली. तिच्या टेपात गाणारा ठणठणीत होता, रामकिशनच्या टेपात त्याला पडसं झालेलं होतं; त्याचा टेप हळू फिरायचा, म्हणून त्यावर हळू भरलेलं तिच्याकडं घाईत वाजायचं. चूक कुणाच्या यंत्रात आहे यावर वाद घालायला जागाच उरली नाही. धुरपताबाईचं म्हणणं त्याला आठवलं, आणि ते मनातल्या मनात खोडून टाकायचा प्रयत्न त्यानं केला, पण ते बरोबर होतं.

"दुरुस्त करून घ्या," निघताना गौरम्मा म्हणाली. "म्हणजे तुम्ही पाठवाल ते मला नीट पोचेल. नाहीतर तुम्ही तिकडं माझ्या नावानं भलत्याच कुणाचं तरी ऐकत बसाल."

"पाठवणार ना तुम्ही पुढंही?"

"पाठवते की. आता बाळा नाही म्हणायची एवढंच." मग ती आत जाऊन कंपासपेटी घेऊन आली. "घरी लेकरू आहे ना?"

"पोरगी आहे. मुरुडला असते."

"मग तिला द्या. मी ठेवून काय करू."

परतीच्या गाडीत झोळी हलकी वाटत होती, खरं तर ती कंपासपेटीनं जड झाली होती. गुरुपादप्पा शरणप्पा मठपती कुठल्या थांब्यावर उतरले, ते त्याला कळलं नाही. लोह्यापर्यंत ते होते असं वाटत होतं. मागावर उभा राहिलेला तो म्हातारा, विभूतीचे पट्टे, गोदावरीकाठची खोली. दोन वर्षं रामकिशन त्याच्या शेजारी बसला होता, आणि आता त्याला निरोप द्यायलासुद्धा माणूस नव्हता. बदल्यात एक खरी बाई मिळाली होती, जिनं खरोखर ऐकलं होतं, एकदा. हिशेबानं हा फायदाच होता. खिडकीतून माळरान मागं जात राहिलं, आणि कुठल्याही वाडीजवळ बोअरचा पाइप दिसला की त्याला आपसूक दोन आवाज ऐकू यायचे, एक पिपाणीचा, एक दुसरा.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर त्यानं टेप गोलाईतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार वीरभद्र यानं झाकण उघडलं, बोटानं काहीतरी दाबून बघितलं आणि म्हणाला, "चहा घेऊन या, साहेब." रामकिशन चहा घेऊन आला तेव्हा आतला रबरी बेल्ट बदलून झालेला होता. खोलीवर येऊन त्यानं खुर्ची भिंतीकडे वळवली आणि बोअर लावलं. पिपाणी वाजली. दुसरी कॅसेट लावली, गोट्या खेळू लागल्या. तिसऱ्या कॅसेटमध्ये हापशाचा कोरडा दांडा होता, तो पाळण्यासारखा कुरकुरला. एकेक करून त्यानं सगळ्या लावल्या. सगळ्या जिल्ह्यात कुठंही काही कमी नव्हतं. पोरं खेळत होती. तारीख सांगणारं पोरगंही मजेत होतं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की इथून पुढचे आवाज नीट जातील, पण भरून झालेला उन्हाळा जगातल्या एकाच यंत्रात नीट वाजत होता, आणि तेच त्यानं आज दुरुस्त करून आणलं होतं. गौरम्मानं तो ऐकला होता तेवढाच. सरजाबाईचं बोअर पुन्हा भरायला जावं, तर सकाळीच तिच्या वाडीचा प्रस्ताव मंजूर झाला होता आणि त्या कोरड्या बोअरवर सिमेंटचं झाकण बसवायचा आदेश निघाला होता. टाइप त्यानंच केला होता.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो गोलाईत जाऊन उभा राहिला. वीरभद्र आला, शटर वर केलं, झाडलं, गणपतीच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावली.

"काय झालं, साहेब? पुन्हा बिघडला?"

"नाही. चांगला चालतो. माझा जुना बेल्ट पाहिजे होता."

"तो? त्याचं काय करता? सैल झाला होता तो. सगळं हळू चालायचं त्यानं."

"असू दे. परत बसवायचा आहे."

वीरभद्रनं त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग तसबिरीखालचा उदबत्त्यांचा जुडगा काढून काउंटरवर ठेवला. जुना बेल्ट त्याला बांधलेला होता. सैल बसत होता, म्हणून कापून मध्ये गाठ मारली होती.